बहिणी-बहिणींनी घरच्या घरी हार्मनी कशी बसवायची (पियानो नको, सा रे ग म पुरे)

दोन बहिणी गायला बसल्या की आपल्याकडे काय होतं, दोघी एकच चाल एकाच सुरात गातात आणि जिचा आवाज मोठा ती ऐकू येते. गणपतीची आरती घ्या, हळदीकुंकू घ्या, लग्नाच्या आदल्या रात्रीची गाणी घ्या, सगळीकडे हेच. नाहीतर मग द्वंद्वगीत, म्हणजे एक ओळ तू एक ओळ मी. वाईट काहीच नाही त्यात, पण मी लिहितेय ते पुढच्या पायरीबद्दल, एकीने मूळ चाल धरायची आणि दुसरीने तेच शब्द त्याच लयीत पण वेगळ्या सुरांवर गायचे, दोन्ही मिळून जे तिसरंच काहीतरी कानावर येतं ते. मी आणि ताई लहानपणापासून एकत्र गातोय आणि हे प्रकरण आम्हाला फार उशिरा सापडलं, तोपर्यंत आम्हालाही वाटायचं की हार्मनी म्हणजे नोटेशन वाचणाऱ्या लोकांचं काम. तसं अजिबात नाहीये. सरगम येत असेल, फोनवर तानपुऱ्याचं अ‍ॅप असेल आणि एकमेकींचं ऐकून घ्यायची तयारी असेल (हे तिसरं सगळ्यात अवघड, बहिणी आहोत ना) तर बसतं.

आधी एक शंका काढून टाकू, की हे आपल्याकडचं नाहीच. रागसंगीतात नाही हे खरं. पण गोव्यात सासष्टीच्या जुन्या घरांमधून मांडो गायला जातो, संथ, घुमट (मातीच्या मडक्याचं तालवाद्य) आणि व्हायोलिनच्या साथीने, त्यात दुसरा आवाज मूळ चालीच्या तिसऱ्या किंवा सहाव्या स्वरावरून बरोबर चालतो. तेच घुमट गोव्यातल्या हिंदू घरांत आणि देवळांत आरतीलाही वाजतं, पण तिथे सगळे एका सुरात. नागालँडमध्ये चाखेसांग लोकांची 'ली' नावाची लोकगीतं आहेत, ती अनेक आवाजांतच गातात, आणि टेटसेओ सिस्टर्स म्हणून चार बहिणी तीच गाणी घेऊन देशभर फिरल्यात, त्या लहानपणी आईकडून शिकल्या. मराठी चर्चमधल्या क्वायरमध्येही (गाणाऱ्यांच्या समूहात) सोप्रानो-अल्टो, म्हणजे बायकांचा वरचा आणि खालचा आवाज, असतंच. तेव्हा परकं वगैरे काही नाही, फक्त आपल्या दिवाणखान्यात आलं नव्हतं.

बहिणींनाच का सोपं

दोन आवाज मिसळायला नुसता सूर जुळून भागत नाही, स्वर उच्चारायची पद्धत जुळावी लागते. एकीचा 'आ' उघडा आणि दुसरीचा दाबलेला असेल तर सूर बरोबर असूनही आवाज वेगवेगळे ऐकू येतात. क्वायरवाले यावर महिनोन्महिने घालवतात. बहिणींना हे फुकटात मिळतं कारण दोघी एकाच घरात बोलायला शिकल्या, 'माझं' चा 'झ' आणि 'गेली' चा 'ए' दोघींचा सारखाच निघतो, वर गळ्याची ठेवणही बरीचशी सारखी असते. घरी फोन उचलल्यावर समोरच्याला कळत नाही ना ताई बोलतेय की तुम्ही, तीच तुमची इस्टेट.

अमेरिकेत तर बहिणींच्या हार्मनीची परंपराच होती. न्यू ऑर्लिन्सच्या तीन बॉसवेल सिस्टर्स, तिघी आधी वाद्यं शिकलेल्या, चेलो, पियानो, व्हायोलिन, मग गायला लागल्या आणि १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला रेडिओवर गाजल्या. त्यांचं ऐकून ऐकून, नक्कल करत मिनेसोटातल्या अँड्र्यूज सिस्टर्स तयार झाल्या. यात आपल्या कामाची गोष्ट अशी की अँड्र्यूज बहिणींमध्ये मुख्य चाल सगळ्यात धाकटी पॅटी गायची, मधली मॅक्सीन तिच्या वर आणि थोरली लाव्हर्न सगळ्यात खाली. म्हणजे मूळ चाल मोठ्या बहिणीचीच असा काही नियम नाही हो. आपल्याकडे तो न लिहिलेला नियम असतो, त्यावर पुढे येतेच.

पहिलं काम: एकच सूर, खरोखर एकच

हार्मनीच्या आधी एका सुरात गाता आलं पाहिजे आणि 'आम्हाला येतं की' असं म्हणणाऱ्या बहुतेकींना येत नसतं. रंजनी-गायत्री ऐका, मुंबईत वाढलेल्या बहिणी, कर्नाटक संगीत गातात आणि मराठी अभंगही गातात, एका आवाजाची कड कुठे संपते आणि दुसऱ्याची कुठे सुरू होते हे बऱ्याचदा शोधावं लागतं. हार्मनी नसली तरी ऐकणं म्हणजे काय ते तिथे कळतं.

पट्टी ठरवा, म्हणजे सा कुठल्या उंचीवर धरायचा ते. बायकांना साधारण काळी चार किंवा पाच (पेटीची चौथी-पाचवी काळी पट्टी) जमते पण तुमच्यात जिचा आवाज खालचा असेल तिला विचारून ठरवा, जिला वरचं जमतं ती उगाच चढी पट्टी लावायला बघते. तानपुरा फोनच्या स्पीकरवर नको, त्यात खर्ज (सगळ्यात खालचा सा) ऐकूच येत नाही, बरा स्पीकर जोडा. दोघींनी 'आ' कारात सा लावायचा, हलक्या आवाजात. मग एकीने सा स्थिर ठेवायचा आणि दुसरीने मुद्दाम किंचित खाली सरकायचं. लगेच आवाजात एक थरथर येते, वाँव-वाँव-वाँव अशी. दोन सुरांच्या कंपनांत सेकंदाला दोनचा फरक असेल तर सेकंदाला दोनदा. आता दुसरीने हळूहळू परत वर यायचं, थरथर मंदावत जाते आणि एका क्षणी नाहीशी होते. ही थरथर ओळखता आली की निम्मं काम झालं, कारण पुढे सूर जुळला की नाही हे ठरवायला तिसरं माणूस लागत नाही.

मग सा-प. एकीचा सा, दुसरीचा पंचम, नंतर अदलाबदल. हा बहुतेकांना पटकन सापडतो कारण तानपुऱ्यात तो आधीच वाजतोय.

त्यानंतर सा-ग, आणि इथे जरा थांबायचं. तानपुऱ्याच्या खर्जाच्या तारेतून एक गंधार आपोआप ऐकू येतो, कोणी छेडलेला नसताना, त्याला स्वयंभू गंधार म्हणतात हे गाणं शिकलेल्यांना माहितीच असेल. दुसऱ्या आवाजाने हाच ग पकडायचा. हार्मोनियम किंवा कीबोर्डवरचा ग घेऊन सराव केला तर तो याच्यापेक्षा साधारण १४ सेंट चढा असतो, सेंट म्हणजे शेजारशेजारच्या दोन स्वरपट्ट्यांमधल्या अंतराचा शंभरावा भाग. ऐकायला किरकोळ वाटतं पण दोन आवाज नुसते तानपुऱ्यावर असताना चढा ग टोचतो आणि खरा ग लागला की दोन्ही आवाज एकदम बसतात, खोलीत कोणी तिसरं गातंय की काय असं वाटतं. म्हणून माझं स्पष्ट मत, हार्मोनियम सूर शोधायला ठीक, पक्का करायला नाही. पेटीवाल्यांनी रागावू नये.

दुसरी ओळ कुठून आणायची

नियम सोपा आहे, गाण्यातल्या प्रत्येक स्वरापासून एक स्वर सोडून पुढचा. शुद्ध स्वरांचं गाणं असेल तर वरची जोडी अशी (सां, रें म्हणजे वरच्या सप्तकातले):

मूळ चाल: सा रे ग म प ध नी
वरचा आवाज: ग म प ध नी सां रें

आणि खालून जायचं असेल तर:

मूळ चाल: ग म प ध नी सां
खालचा आवाज: सा रे ग म प ध

यातली काही अंतरं मोठी आहेत, सा-ग, म-ध, प-नी, आणि काही लहान, रे-म, ग-प, ध-सां, नी-रें. त्याची काळजी करायची नाही, गाण्याचेच स्वर वापरले की मोठं-लहान आपोआप सांभाळलं जातं. कोमल स्वरांचं गाणं असेल तर जोडीलाही तेच कोमल स्वर घ्यायचे, म्हणजे काफी रागाच्या अंगाने जाणाऱ्या गाण्यात सा ची जोडी कोमल ग. गाण्यात नसलेला स्वर दुसऱ्या आवाजाने आणायचा नाही, निदान पहिलं वर्षभर तरी.

वर जायचं की खाली हे कसं ठरवायचं? गाणं कुठे फिरतंय ते बघा. ध्रुवपद बहुतेक वेळा मध्य सा ते प च्या आसपास असतं, तिथे खालून गेलात तर मंद्रात (खालच्या सप्तकात) शिराल आणि बाईचा आवाज तिथे पुटपुटल्यासारखा येतो, म्हणून वरून जा. अंतऱ्यात, म्हणजे कडव्यात, चाल तार सा कडे (वरच्या सा कडे) जाते, तिथे वरून गेलात तर तार गंधार वगैरे किंचाळावं लागेल, म्हणून खालून जा. म्हणजे एकाच गाण्यात दुसरा आवाज ध्रुवपदाला वर आणि कडव्याला खाली, आणि ही उडी दोन ओळींमधल्या श्वासात घ्यायची, ओळीच्या मधोमध नाही. पुस्तकी पद्धतीत एकीने कायम वरचं आणि एकीने कायम खालचं धरायचं असतं, ते दोघींचे आवाज खूप वेगळे असतील तर ठीक, बहिणींचे सहसा नसतात.

आता हा नियम डोळे मिटून लावला तर काही ठिकाणी विचित्र वाटेल. सगळ्यात महत्त्वाची जागा शेवट. चाल मध्य सा वर येऊन थांबली आणि दुसरी वर ग वर आहे, छान, हलवायचं नाही. पण चाल तार सा वर थांबली आणि दुसरी नियमाप्रमाणे खाली ध वर आहे, तर गाणं संपल्यासारखं वाटणारच नाही, काहीतरी उदास लटकत राहतं. तिथे ध सोडून प घ्या, नाहीतर आणखी खाली ग वर या. ग वर जास्त गोड लागतं, मला प बरा वाटतो, ताईला ग, भांडण चालू आहे. चाल प वर थांबत असेल तर वरचा नी घेऊ नका, तानपुऱ्यावर तो अस्वस्थ करतो, खालचा ग घ्या. रे वर लांब मुक्काम असेल तर म पेक्षा प बरा. बाकी कानाने ठरवा, थरथर ओळखायला शिकलात ते याच्यासाठीच.

गाणं निवडताना

आरतीपासून सुरुवात करा, खरंच. चाल सगळ्यांना पाठ, ठेका पक्का, कडवी तीच तीच चाल घेऊन येतात त्यामुळे एकदा बसवलं की सगळीकडे चालतं, आणि कोणी चुकलं तर टाळ आणि झांजा झाकून घेतात. शाळेतल्या प्रार्थना चांगल्या, अंगाईगीतं चांगली, सरळ चालीचे अभंग चांगले.

नको काय? ज्या गाण्यात मींड (सूर ओढत नेणं) आणि मुरक्या (झटपट छोटी वळणं) हाच जीव आहे ती गाणी. नाट्यपदाच्या वाटेला जाऊ नका, एक तान घेतेय आणि दुसरी तिच्या मागे तिसऱ्या स्वरावरून तान घ्यायला बघतेय, हे दृश्य मी पाहिलंय, परत बघायची इच्छा नाही. मारवा, श्री असल्या रागांची गाणी तशीच ठेवा. भूप रागात पाचच स्वर, त्यामुळे एक सोडून पुढचा घेतला तर सा-ग सोडल्यास बाकी सगळी अंतरं चार-चार स्वरांची होतात, रे-प, ग-ध, प-सां, ध-रें. चुकीचं नाही पण पोकळ वाटतं, काहींना ते आवडतं, डोंगरात गातायत असं. यमनातलं गाणं चालेल पण दुसऱ्या आवाजाने तीव्र मध्यमावर तळ ठोकायचा नाही.

आणि हरकत, म्हणजे सुरांची छोटी सजावट, कोणी घ्यायची हे आधी ठरवा. मूळ चालवाली एखादी छोटी जागा घेऊ शकते, तेवढा वेळ दुसरीने आपल्या सुरावर गप उभं राहायचं. दोघींनी एकाच वेळी सजवायला घेतलं की भाजीत दोघींनी मीठ टाकल्यासारखं होतं.

ओढली जाणं आणि त्यावर उपाय

सुरुवातीला प्रत्येकीचं हेच होतं, दुसरा आवाज दोन ओळी नीट जातो आणि तिसऱ्या ओळीला गुपचूप मूळ चालीत जाऊन बसतो. आणि ते गाणाऱ्याला कळतही नाही, उलट वाटतं काय छान जुळलंय. साहजिक आहे, मूळ चाल वीस-तीस वर्षं डोक्यात बसलेली.

उपाय असा. दुसरी ओळ आधी स्वतंत्र गाणं म्हणून पाठ करायची. पहिल्यांदा सरगममध्ये, मग शब्दांत, फक्त तानपुऱ्यावर, मूळ चाल कानावर अजिबात नको. भांडी घासताना ती आपोआप तोंडात यायला लागली की ती तुमची झाली. त्यानंतर ताईला मूळ चाल फोनवर रेकॉर्ड करायला सांगा आणि ती एकदम बारीक आवाजात लावून त्यावर तुमची ओळ गा. जमलं की आवाज एक काडी वाढवा. पुन्हा जमलं की आणखी एक. ताईचा आवाज तुमच्या बरोबरीला आला तरी तुम्ही जागेवर असाल तर आता समोरासमोर बसा. कानात बोट घालून गाणारे लोक बघितलेत, त्याने तुमचा सूर टिकतो पण हार्मनी होत नाही, दोन माणसं शेजारी बसून आपापलं गातात एवढंच. समोरासमोर बसा, ओठ दिसले पाहिजेत, कारण श्वास आणि शब्दाचा शेवट एकत्र व्हायला हवा. 'देवा' मधला 'आ' एकीने आधी सोडला तर सूर कितीही खरा असो, कच्चं वाटतं.

दुसऱ्या आवाजाने जरा हलकं गायचं. खूप नाही, चाल कुठली हे ऐकणाऱ्याला कळेल इतपत.

मूळ चाल कोणाची

आता तो न लिहिलेला नियम. घराघरात मोठी बहीण चाल धरते आणि धाकटी 'मागे' म्हणते, आणि चाळिशी आली तरी तेच चालू असतं. मला विचाराल तर दुसरा आवाज गाणारीला गाणं जास्त कळतं, कारण तिला स्वतःची ओळ येतेच, शिवाय मूळ चालही आतून माहीत असावी लागते आणि आता कुठे कोणतं अंतर आहे हेही. म्हणून प्रत्येक गाणं दोन्ही बाजूंनी बसवा, एक आठवडा तू चाल, पुढचा आठवडा मी. जिने कायम चाल धरली तिला दुसरी ओळ गाताना पहिल्यांदा कळतं की आपण लयीत किती मनमानी करत होतो.

चुका कोणी सांगायच्या हाही प्रश्नच. परक्या माणसाने 'सूर उतरला' म्हटलं तर आपण ऐकतो, बहिणीने म्हटलं की शाळेतली सगळी भांडणं बाहेर येतात. तेव्हा कोणीच सांगायचं नाही, रेकॉर्ड करायचं आणि दोघींनी गप बसून ऐकायचं. फोनला कोणी उलट बोलत नाही.

तिसरी बहीण असेल, किंवा वहिनी, आत्या, कोणीही, आणि तिला 'माझा गळा नाही बाई' म्हणायची सवय असेल तर तिला नुसता सा धरायला द्या, ओळीच्या शेवटी प वर जायचं. तेवढ्याने दोन आवाजांखाली जमीन येते.

एक पुण्यात, एक न्यू जर्सीत

व्हिडिओ कॉलवर एकत्र गायचा प्रयत्न करू नका, रडकुंडीला याल. दोघींना एकत्र ताल धरायचा तर आवाज पोचायला साधारण २५-३० मिलिसेकंदांपेक्षा जास्त वेळ लागून चालत नाही आणि कॉलवर त्याच्या कितीतरी पट लागतो, म्हणून प्रत्येकीला वाटतं दुसरी रेंगाळतेय, मग दोघी एकमेकींसाठी थांबत थांबत गाणं बंद पडतं. त्यात ते कॉलवाले अ‍ॅप दोघी एकदम बोलल्या की एकीचा आवाज दाबतात.

त्यापेक्षा असं करा. एकीने तानपुरा आणि ठेका इअरफोनमध्ये ऐकत मूळ चाल रेकॉर्ड करून पाठवायची, सुरुवातीला चार मात्रा मोजून. दुसरीने ती इअरफोनमध्ये ऐकत आपली ओळ वेगळी रेकॉर्ड करायची. मग बँडलॅबसारख्या फुकटच्या अ‍ॅपमध्ये दोन्ही ट्रॅक एकाखाली एक ठेवायचे. इअरफोन वायरचे घ्या, ब्लूटूथवाले आवाज उशिरा देतात आणि सगळी ओळ मागे पडते. व्हॉइस नोट म्हणून पाठवू नका, फाइल म्हणून पाठवा, आवाज कमी दाबला जातो.

वय वाढतं तसं

पाळी गेल्यानंतर बऱ्याच बायकांचा आवाज खाली येतो, थोडा जाडही होतो, ते आजारपण नाही. पट्टी काळी पाचवरून चार, चारवरून तीन करा, लाजायचं काय त्यात. जी आधी वरून जायची तिला आता खालून जाऊ द्या, खालच्या आवाजाला वयाने जी खोली येते ती पंचविशीत येत नाही. श्वास कमी पडायला लागला तर लांब सुरावर आलटून पालटून श्वास घ्या, एक थांबेल तेव्हा दुसरी धरून ठेवेल, ऐकणाऱ्याला कळतही नाही.

ऐकू कमी यायला लागलं आणि श्रवणयंत्र आलं तर एक गोष्ट लक्षात ठेवा, ती यंत्रं बोलणं ऐकायच्या हिशोबाने लावलेली असतात आणि लांब सूर त्यांना गोंगाट वाटू शकतो, त्यामुळे तानपुरा चिरका किंवा डळमळता ऐकू येतो आणि ताई म्हणते माझाच सूर गेला. बऱ्याच यंत्रांत संगीतासाठी वेगळी सेटिंग असते किंवा लावून घेता येते, ऑडिओलॉजिस्टकडे जाताना तानपुऱ्याचं अ‍ॅप घेऊन जा आणि तिथेच वाजवून बघा. आणि गायला बसताना तिच्या चांगल्या कानाच्या बाजूला बसा.

शेवटचं, एक वही करा. गाणं, पट्टी, तारीख, दुसरी ओळ सरगममध्ये, कुठे वर कुठे खाली, शेवट ग वर की प वर. वर्षभराने गणपतीला परत बसाल तेव्हा दोघी छातीठोकपणे सांगाल की मागच्या वेळी असंच गायलो होतो, आणि दोघींचं 'असंच' वेगळं असेल.